दिवाळीची खरेदी चांदनीहून: कुठे घ्यावं, कितीला पडतं?

चांदनी हे मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यातलं, भुसावळ-खंडवा रेल्वेमार्गावरचं छोटं स्टेशन. एका बाजूला नेपानगर, दुसऱ्या बाजूला असीरगड रोड आणि त्यापुढे बुऱ्हाणपूर. दिवाळी जवळ आली की इथल्या घराघरात एकच चर्चा असते: खरेदी गावातच उरकायची, नेपानगरला जायचं, की सगळ्यांनी मिळून बुऱ्हाणपूर गाठायचं? शिवाय कोणीतरी भुसावळ-जळगावचं नाव काढतं आणि घरातला तरुण मोबाइल पुढे करतो.

‘शहरात स्वस्त मिळतं’ हे अर्धंच खरं. वस्तूची किंमत आणि वस्तू घरी येईपर्यंत झालेला खर्च, या दोन वेगळ्या रकमा आहेत. हा लेख दुसऱ्या रकमेचा हिशोब मांडतो. जिथे सरकारी दर आहे तिथे तो दिला आहे. जिथे ‘समजा’ म्हटलंय तिथे तुमच्या बाजारातला भाव घालून तीच बेरीज करा.

आधी फेरीचा हिशोब

नवरा, बायको, आठ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा असं कुटुंब धरू. पॅसेंजर किंवा मेमू गाडीचं किमान भाडं 10 रुपये आहे. मेल-एक्सप्रेसच्या जनरल डब्याचं किमान भाडं 30 रुपये. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पाच ते बारा वयाला अनारक्षित डब्यात निम्मं. म्हणजे पॅसेंजरने जाऊन-येऊन 50 रुपये. बुऱ्हाणपूरचं स्टेशन लालबाग भागात आहे, जुना बाजार तिथून लांब. समजा, शेअर रिक्षा माणशी 20 रुपये. धाकटा मांडीवर, तीन जागांचे जाऊन-येऊन 120. चहा-नाश्ता, पाणी, मुलांचं काहीबाही मिळून 200. एकूण 370.

आता बुडालेली मजुरी. मनरेगाचा मध्य प्रदेशातला 2025-26 चा दर दिवसाला 261 रुपये. दोघांचे 522. फेरी पडली 892 रुपयांना.

बुऱ्हाणपूरला माल सरासरी दहा टक्के स्वस्त मिळाला असं धरलं, तर ही फेरी वसूल व्हायला जवळपास 9,000 रुपयांची खरेदी करावी लागेल. एकटंच मोठं माणूस गेलं तर भाडं 20, रिक्षा 40, चहा-नाश्ता 30 आणि मजुरी 261 मिळून 351 रुपये. तेव्हा 3,500 च्या खरेदीतच फेरी सुटते.

यातून तीन साधे नियम निघतात:

- 3,500 रुपयांच्या आतली यादी असेल तर गावात किंवा नेपानगरला उरका.
- 3,500 ते 9,000 ची यादी असेल तर एकाच माणसाने बुऱ्हाणपूरची एकच फेरी करावी.
- सगळं कुटुंब न्यायचं असेल तर मुलांची हौस म्हणून खुशाल न्या, पण त्याला बचत म्हणू नका.

दोन-दोन फेऱ्या मारणं सगळ्यात महाग. ‘ब्लाउजपीसचा रंग जुळला नाही’ म्हणून दुसऱ्यांदा गेलात की पहिल्या फेरीत केलेली घासाघीस पाण्यात. साडीचा तुकडा, बटण, जुन्या चपलेचं माप, जे जुळवायचं ते पिशवीत आधी टाका.

गाडीची वेळ स्टेशनवर विचारूनच निघा. या मार्गावरच्या लांब पल्ल्याच्या गाड्या चांदनीला न थांबता धडधडत जातात. मे 2021 मध्ये तर भरधाव एक्सप्रेसच्या हादऱ्याने इथल्या स्टेशन इमारतीचा भाग कोसळला होता. परतीची पॅसेंजर चुकली तर खासगी गाडीचं भाडं दिवसभराची सगळी बचत गिळतं.

कधी जावं?

2026 सालचं लक्ष्मीपूजन रविवारी, 8 नोव्हेंबरला आहे. पगार महिन्याच्या पहिल्या आठवड्यात होतात, म्हणजे 1 ते 7 नोव्हेंबर या दिवसांत बाजारात पाय ठेवायला जागा नसेल आणि भावही चढे असतील. दसरा झाल्यावरच्या आठवड्यात, मधल्या वारी, सकाळी दुकानं उघडता उघडता गेलं तर माल पुरता बघायला मिळतो. दुकानदाराची भवानीची वेळ असते, गिऱ्हाईक सहसा मोडत नाही.

पैसा हातात कधी येतो तेही बघा. लाडली बहना योजनेचा हप्ता नोव्हेंबर 2025 पासून 1,500 रुपये झाला, पण तो साधारण महिन्याच्या 10 तारखेच्या पुढे खात्यात पडतो. दिवाळी 8 तारखेची, तेव्हा ऑक्टोबरच्या हप्त्यावरच मांडणी करा. कापूस-सोयाबीन विकून पैसे येणार असतील तर ते खात्यात पडल्यावरच खर्चात धरा.

कोणती वस्तू कुठून?

*गावात आणि हाटात:* पणत्या, झाडू, रांगोळी, झेंडूची फुलं, केरसुणी, सूप, टोपल्या, भाजी, शेंगदाणे, गूळ. या वस्तूंसाठी कुठेही जाऊ नका. त्या नेण्या-आणण्यात फुटतात, चुरगळतात, आणि विकणारा बहुधा बनवणाराच असतो. डझनभर पणत्यांवर दोन रुपये पाडण्यासाठी कुंभाराशी हुज्जत घालू नका. फुलं मात्र लक्ष्मीपूजनाच्या सकाळीच. आदल्या दिवशी घेतलेला झेंडू काळा पडतो.

*नेपानगरला:* किराणा, साबण-तेल, वह्या-पेन्सिली, विजेचं किरकोळ सामान, शिवणकाम. नेपानगर उभंच राहिलं ते कागद गिरणीभोवती. 1947 साली स्थापन झालेल्या आणि 1956 साली पंडित नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झालेल्या या गिरणीत देशातला वृत्तपत्राचा कागद पहिल्यांदा तयार झाला. 2016 मध्ये उत्पादन बंद पडलं आणि ऑगस्ट 2022 मध्ये पुन्हा सुरू झालं. कामगार वस्तीच्या बाजारात रोजच्या वापराच्या वस्तू नीट मिळतात आणि दुकानदार गिऱ्हाइकाला ओळखतो. बदलून घ्यायची वेळ आली तर या ओळखीचा फार उपयोग होतो.

*बुऱ्हाणपूरला:* कापडचोपड, लग्नाच्या तोलाचे कपडे, चपला-बूट, भांडी, मिठाई.

*भुसावळ-जळगावला:* फक्त सोन्याची मोठी खरेदी किंवा लग्नाचा बस्ता असेल तर. दिवाळीच्या चार कपड्यांसाठी तिकडे जाणं परवडत नाही.

कापड: पन्हा मोजा, मग भाव विचारा

बुऱ्हाणपूरचं नाव कापडावर झालं. सतराव्या शतकात फ्रेंच प्रवासी ताव्हर्निये इथून गेला, तेव्हा इथलं तलम कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान आणि कैरोपर्यंत जात असल्याचं त्याने लिहून ठेवलं. आज इथे यंत्रमागांचा खडखडाट आहे. मात्र मागावरचं बरंचसं कोरं कापड रंगाई-धुलाईला बाहेरगावी जातं आणि दुकानातले तयार कपडे बहुधा बाहेरून येतात. म्हणून दुकानदार ‘इथलंच आहे’ म्हणाला तर गमछा, टॉवेल, चादर, अस्तर, साधं सुती कापड याबाबत ते खरं असू शकेल; चमकदार लेहंग्याबाबत नको विश्वास ठेवायला.

कापड घेताना मीटरचा भाव ऐकून फसायला होतं. पुरुषाच्या शर्टाला 36 इंची पन्ह्याचं कापड अडीच मीटर लागतं. 58 इंची पन्हा असेल तर 1.6 मीटरमध्ये भागतं. समजा, 36 इंची कापड मीटरला 120 रुपये आणि 58 इंची 170 रुपये. पहिल्या शर्टाला 300 रुपये लागले, दुसऱ्याला 272. महाग वाटणारं कापड 28 रुपयांनी स्वस्त पडलं. तीन शर्ट शिवायचे असतील तर 84 रुपये वाचले.

कापड हातात घेऊन तीन गोष्टी करा. दोन बोटांत चोळा. पांढरी भुकटी निघाली तर खळ भरपूर आहे, पहिल्या धुण्यात कापड लिबलिबीत होणार. उजेडासमोर धरा, वीण विरळ आहे का ते लगेच दिसतं. ओला पांढरा रुमाल घासून बघा. रंग लागला तर मुलांच्या कपड्यांसाठी ते घेऊ नका. सुती कापड शिवायला टाकण्याआधी एकदा पाण्यातून काढा, नाहीतर पहिल्याच धुण्यात बाह्या आखूड होतात. आणि शिंप्याला आधी विचारून ठेवा. दिवाळी तोंडावर आली की चांगले शिंपी नवं काम घेत नाहीत.

*कराचा एक उंबरठा.* 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे दर बदलले. तयार कपड्याचा एक नग 2,500 रुपयांपर्यंत असेल तर 5 टक्के, त्यापुढे 18 टक्के. 2,500 च्या ड्रेसवर कर 125 रुपये. 2,600 च्या ड्रेसवर 468. शंभर रुपयांच्या फरकाने कर 343 रुपयांनी वाढतो. उंबरठ्याच्या आसपासचा कपडा आवडला तर दुकानदाराला सरळ सांगा, ‘मूळ किंमत अडीच हजाराच्या आत आणा.’ चपला-बुटांनाही हाच 2,500 चा उंबरठा आहे. साडी शिवलेली नसल्याने कापडात मोडते, तिला किंमत कितीही असो 5 टक्केच.

लहान मुलांचे कपडे एक माप मोठे घ्या, पण बूट नाही. बूट मोठा झाला की मूल अडखळतं. मूल सोबत नेत नसाल तर कागदावर त्याचं पाऊल उभ्याने आखून न्या आणि ते संध्याकाळी आखा, कारण दिवसभर चालून पाय किंचित फुगलेला असतो.

फराळ: काय तळावं, काय आणावं?

शेवेचा हिशोब करू. समजा, बेसन किलोला 100 रुपये, मुरलेलं तेल 50 रुपयांचं, मसाला 10, गॅस साधारण 15. एकूण 175 रुपये. यात सव्वा किलोच्या वर शेव होते, म्हणजे किलो पडली 135-140 ला. तीच बाजारात 240 ला मिळत असेल तर किलोमागे शंभर रुपये वाचले, शिवाय तेल कोणतं ते तुम्हाला माहीत. शेव, चकली, शंकरपाळे, चिवडा घरीच परवडतात. दोन-तीन घरांनी मिळून एकाच कढईवर तळलं तर गॅसही वाचतो आणि गप्पाही होतात. अनारसे आणि करंज्या सवय असेल तरच करा. बिघडलेला घाणा बाजारापेक्षा महाग पडतो.

खव्याची मिठाई मात्र विकत आणि थोडीच. बुऱ्हाणपूरची मावा जिलबी प्रसिद्ध आहे, पण ती गरम खायची वस्तू. भाऊबीजेसाठी चार दिवस आधी घेऊन ठेवू नका. पाहुण्यांना द्यायला किंवा गावी न्यायला रवा-तूप-साखरेचा दराबा बरा.

मिठाईच्या दुकानात तीन गोष्टी पाहा:

- *वजन खोक्याशिवाय.* 480 रुपये किलोच्या मिठाईत 80 ग्रॅमचं खोकं तोललं तर 38 रुपये पुठ्ठ्याला गेले. रिकामं खोकं काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणायला सांगा. निव्वळ वजनाचेच पैसे द्यायचे, हा कायदा आहे.
- *पावतीवर 14 अंकी परवाना क्रमांक.* अन्नपदार्थ विकणाऱ्या दुकानाच्या पावतीवर एफएसएसएआयचा क्रमांक 1 जानेवारी 2022 पासून बंधनकारक आहे.
- *खवा घरी तपासा.* चमचाभर खवा पाण्यात उकळून थंड करा आणि आयोडीनचे दोन-तीन थेंब टाका. निळा रंग आला तर त्यात पिठूळ भेसळ आहे. वर्खाचा तुकडा चिमट्यात धरून जाळा. चांदीचा असेल तर चकाकणारी गोळी होते, अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर करडी राख.

किराण्यात तूप, लोणी, सुकामेवा, फरसाण, बिस्किटं, साबण, टूथपेस्ट, केसाचं तेल यांवर आता 5 टक्के जीएसटी आहे. छापील किंमत सगळे कर धरूनच असते. त्यावर आणखी ‘जीएसटी वेगळा’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. मोठं पाकीट स्वस्तच असतं असंही नाही. पाकिटावर ग्रॅममागे किंवा किलोमागे किती पडतं ते छापलेलं असतं, दोन पाकिटांवरचे तेच आकडे शेजारी ठेवून बघा.

भांडी, खेळणी, माळा, फटाके

धनत्रयोदशीला भांडं घ्यायची रीत आहे. भांड्यांवरचा कर 12 वरून 5 टक्क्यांवर आला. कुकर घेताना आयएसआय खूण बघाच. ती नसलेला कुकर विकणंच बेकायदा आहे. स्टीलचं भांडं नखाने वाजवून नाही, तळ आणि कड बघून घ्या. पत्रा कडेला पातळ असेल तर वर्षभरात वाकडं होतं.

खेळण्यांवरही 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय खूण सक्तीची आहे. हातगाडीवरच्या तीस रुपयांच्या खेळण्यावर ती नसते, म्हणून तीन वर्षांखालच्या मुलाला बारीक सुटे भाग असलेलं काही देऊ नका. मुलांसाठी उत्तम आणि स्वस्त भेट म्हणजे वही, चित्रकलेची वही, पेन्सिल, खोडरबर, रंगखडू. त्यांवर आता जीएसटी शून्य आहे.

एलईडी माळ 10 वॅटची, रोज सहा तास, पाच दिवस लावली तर वीज जळते 0.3 युनिट. बिलात दोन-तीन रुपयांची भर. जुन्या 15 वॅटच्या दहा बल्बांची माळ तेवढाच वेळ साडेचार युनिट खाते. माळ घेताना दुकानातच लावून बघा आणि वायर जाड, पिन नीट बसणारी घ्या.

फटाक्यांना 18 टक्के कर आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर 2018 च्या निकालानुसार दिवाळीला फटाके वाजवायची वेळ रात्री 8 ते 10, लांबलचक लडींना बंदी आणि ऑनलाइन विक्रीलाही बंदी. ‘ग्रीन’ फटाक्याच्या खोक्यावर नागपूरच्या नीरी संस्थेचं चिन्ह आणि क्यूआर कोड असतो. परवाना असलेल्या तात्पुरत्या दुकानातूनच घ्या. मुलांच्या संख्येप्रमाणे आधी रक्कम ठरवा. दुकानात उभं राहून ठरवली तर ती दुप्पट होते.

सोनं: बेरीज कागदावर करून घ्या

सोपं जावं म्हणून 22 कॅरटचा भाव ग्रॅमला 10,000 धरू. त्या दिवशीचा भाव बाजारात विचारा. चार ग्रॅमचे कानातले: सोनं 40,000, घडणावळ 12 टक्क्यांनी 4,800, मिळून 44,800. त्यावर 3 टक्के जीएसटी 1,344. हॉलमार्कचं शुल्क नगाला 45 रुपये आणि त्यावर 18 टक्के कर, म्हणजे 53 रुपये 10 पैसे. एकूण 46,197 रुपये.

यात घासाघीस करता येते ती फक्त घडणावळीत. ती 12 वरून 9 टक्के झाली तर कर धरून 1,236 रुपये वाचतात. ‘घडणावळ माफ’ अशी पाटी दिसली तर सोन्याचा भाव दुसऱ्या दुकानात विचारून या.

दागिन्यावर 22K916 आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी कोरलेला असतो. तो मोबाइलवरच्या बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये घातला की कोणत्या सराफाचा, कोणत्या केंद्रात तपासलेला ते दिसतं. दुकानातच, पैसे देण्याआधी तपासा. खड्यांचं वजन सोन्यात धरलेलं नाही ना, तेही पावतीवर वेगळं लिहून घ्या.

उधारी, हप्ता आणि मोबाइल

सावकाराचं ‘शेकडा तीन’ ऐकायला हलकं वाटतं. ते महिन्याचं असतं, वर्षाचं 36 टक्के होतं. दिवाळीला घेतलेले 10,000 चार महिन्यांनी फेडले तर 1,200 रुपये व्याज गेलं, म्हणजे दोन मुलांचे कपडे. गावच्या दुकानदाराची बिनव्याजी उधारी यापेक्षा कितीतरी बरी, पण वहीत लिहिलेली रक्कम मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

‘शून्य टक्के हप्ता’ असं काही नसतं. रोखीवर मिळणारी सूट हप्त्यावर मिळत नाही, वर प्रक्रिया शुल्क लागतं. तेच तुमचं व्याज. दुकानदाराला दोन आकडे विचारा: आज रोख दिले तर किती, आणि सगळे हप्ते मिळून किती. फरक समोर येतो.

यूपीआयने पैसे देताना दुकानदाराने वरून काही मागता कामा नये. पैसे *मिळण्यासाठी* पिन कधीच टाकावा लागत नाही. जो मागतो तो चोर. फसवणूक झालीच तर लगेच 1930 वर फोन करा, पहिल्या तासात पैसे अडवले जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते.

ऑनलाइन खरेदीत किंमत कधीकधी कमी दिसते. पण माप चुकलं तर परत पाठवायला आणि बदली माल यायला दिवस जातात, आणि दिवाळी थांबत नाही. पुस्तक, मोबाइलचं सामान ठीक. कपडे, चपला आणि भांडी हात लावूनच घ्या.

पक्की पावती आणि तक्रार

200 रुपयांच्या वरच्या खरेदीला जीएसटी नोंदणी असलेल्या दुकानदाराने पावती द्यायलाच हवी. त्याहून कमीची मागितली तरी द्यावी लागते. पावतीवर जीएसटी क्रमांक नसेल, किंवा ‘कंपोझिशन’ असं लिहिलं असेल, तर तो दुकानदार तुमच्याकडून वेगळा जीएसटी घेऊ शकत नाही. ‘पावती हवी तर कर वेगळा’ हे वाक्य ऐकलं की कोपऱ्यावरचं दुसरं दुकान बघा.

‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हा शिक्का सदोष मालाला लागू पडत नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे पावतीवर मुदत दिलेली नसेल तर 30 दिवसांत सदोष माल परत न घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. मात्र रंग आवडला नाही किंवा माप चुकलं, तर बदलून देणं दुकानदाराच्या मर्जीवर. म्हणून घेतानाच विचारा आणि ‘आठ दिवसांत बदली’ असं पावतीवर लिहून घ्या.

तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. तिथे प्रश्न सुटला नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला दाखल शुल्क शून्य, मुदत दोन वर्षं. राज्याच्या सीमेवर राहणाऱ्यांसाठी महत्त्वाचं म्हणजे आता तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. दागिना जळगावला घेतला असला तरी तक्रार बुऱ्हाणपूरला नोंदवा.

मुलं सोबत असतील तर

मुलाच्या खिशात नाव आणि मोबाइल क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवा. गर्दीत चुकामूक झाली तर भेटायची एक जागा आधी ठरवा. मूल हरवलं तर 112 किंवा 1098. घरून खाऊ आणि पाणी न्या, भुकेलं मूल दिसेल ते मागतं. मोठ्या मुलाला त्याचे स्वतःचे 200 रुपये द्या आणि त्यातच भागव म्हणा. त्याला आयुष्यभर पुरेल असा हिशोब त्यातून कळतो.

दुपारी बाजारात फिरवत बसण्यापेक्षा तासभर तापीकाठच्या शाही किल्ल्यात न्या. पुरातत्त्व खात्याचं तिकीट मोठ्यांना 25 रुपये, ऑनलाइन काढलं तर 20. पंधरा वर्षांखालच्या मुलांना मोफत. आतल्या हमामखान्याच्या छतावरची जुनी रंगीत नक्षी मुलांना आवडते, आणि तुमचे पायही मोकळे होतात.

दहा हजारांची दिवाळी

पाच माणसांच्या घराचा हा एक नमुना. तुमची रक्कम वेगळी असेल तर प्रमाण ठेवून बदला.

- कपडे, चपला-बूट: 4,500
- किराणा, फराळ, मिठाई: 2,000
- ओवाळणी आणि भेटी: 1,200
- धनत्रयोदशीचं भांडं: 600
- पणत्या, रांगोळी, माळ, पूजेचं: 500
- फटाके: 300
- प्रवास, बाहेरचं खाणं: 400
- राखीव: 500

यातले बुऱ्हाणपूरला होणारे खर्च म्हणजे कपडे, भांडं आणि थोडी मिठाई, साधारण साडेपाच हजार. वरच्या नियमाप्रमाणे एका माणसाची एक फेरी यात वसूल होते, सगळ्या कुटुंबाची होत नाही. प्रवास आणि राखीव रक्कम सोडून उरलेले साधारण साडेतीन हजार गाव, हाट आणि नेपानगरलाच खर्च करा. तिथे भाव दोन-चार रुपये चढा वाटला तरी फेरीचा खर्च धरता तो स्वस्तच पडतो. राखीव पाचशेला भाऊबीजेपर्यंत हात लावू नका. आणि खरेदी कुठेही करा, पावती घेतल्याशिवाय दुकानाची पायरी उतरू नका.